जाळीमागची हवेची नळी : फायदा किती, धोका किती?

"पुढच्या जाळीमागे नळी बसवा, गाडी पळेल," म्हणणारे गिऱ्हाईक गॅरेजवाल्या बांधवांकडे येतेच. काम सोपे आहे. पण आधी हिशेब पाहू.

ताशी 100 किलोमीटर वेगातही समोरच्या वाऱ्याने हवेचा दाब अर्धा टक्काही वाढत नाही. खरा फायदा थंड हवेचा. बॉनेटखालच्या हवेपेक्षा बाहेरची हवा 15 अंशांनी थंड असेल, तर ती सुमारे 5 टक्के दाट असते. ताकद वाढलीच तर तेवढ्याच्या आत.

नळी एअर फिल्टरच्या डबीपर्यंतच न्यावी. फिल्टर काढू नये. धूळ सिलिंडर घासते. नळीने रेडिएटरची हवा अडवू नये, पंख्याला लागू नये. तोंड शक्य तितके उंच ठेवावे व सर्वांत खालच्या वळणाला पाणी निथळण्यासाठी भोक पाडावे.

मात्र तोंडच साचलेल्या पाण्यात बुडाले, तर भोक वाचवत नाही. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी मूळ नळी परत बसवावी.

हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, असे आम्हाला वाटते. नळीची मजुरी थोडी, इंजिनाची भरपाई मोठी.