काडीमोड नवरा-बायकोचा, मुलांचा नव्हे

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात नवरा-बायकोचं फाटलं की प्रकरण बहुधा पंचांसमोर जातं, न्यायालयात नाही. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज १९५५चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तिथे रूढी चालते. त्यामुळे, कोर्टाचा कागद नाही तर मुलांना बापाकडे काही मागता येत नाही, असं अनेकांना वाटतं. हे साफ चूक आहे. पोटगीची तरतूद जात, जमात, धर्म पाहत नाही. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५मध्ये होती, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४मध्ये आहे. मूल कोणाकडे राहावं यावर वाद झालाच, तर १८९०च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मुलाचं हित पाहिलं जातं. समजत्या वयाच्या मुलाचं म्हणणंही न्यायालय विचारात घेऊ शकतं.

‘पोर आश्रमशाळेत आहे, त्याला कशाला सांगायचं?’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. पोराला कळतंच, फक्त ते गावातल्या दुसऱ्या मुलाकडून आणि अर्धवट कळतं. सात-आठ वर्षांची मुलं अशा वेळी दोष स्वतःकडे घेतात: मी हट्ट केला म्हणून आई गेली. म्हणून आईबापांनी, जमलं तर एकत्र जाऊन, सांगावं की आम्ही वेगळे राहणार आहोत आणि यात तुझी काही चूक नाही. दिवाळीच्या सुट्टीला न्यायला कोण येणार, हेही तेव्हाच सांगावं. वसतिगृहातल्या मुलाला खरी धास्ती त्याचीच असते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला गेलेल्या पालकाने फोनचा वार ठरवावा आणि पाळावा. जमणार नसेल तर कबूलच करू नये. मूल एकदम गप्प झालं, अभ्यासात मागे पडू लागलं, तर अधीक्षकांनी आणि वर्गशिक्षकांनी शिक्षा करण्याआधी घरी काय झालंय ते विचारावं.

‘मोडलेल्या घरातली मुलं बिघडतातच’ हेही खरं नाही. अमाटो आणि कीथ या अभ्यासकांनी १९९१मध्ये ९२ अभ्यास एकत्र तपासले. घटस्फोटित पालकांच्या मुलांमध्ये आणि इतर मुलांमध्ये सरासरी फरक आढळला, पण तो लहान होता. आईबापांमधलं सततचं भांडण हे त्यामागचं एक मोठं कारण दिसलं. तेव्हा मुलांसाठी म्हणून रोजची मारझोड सोसत राहणं मुलांच्या भल्याचं नाही. वेगळं झाल्यावर ‘तुझा बाप असला, तुझी आई तसली’ हे मुलासमोर चालूच राहिलं, तर वेगळं होऊनही त्याची सुटका होत नाही.

एकट्या पालकाला आधारच नाही, असंही नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत गरजू, एकपालक मुलांसाठी २०२३पासून दरमहा २,२५० रुपये आहेत. घटस्फोटितांची मुलंही त्यात बसू शकतात. चौकशी अंगणवाडीताईंकडे किंवा नाशिकच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक मोफत आहे आणि तो मुलालाही पाठ हवा.