उतू जाणाऱ्या आवाजाला लगाम : व्हॉल्व्हचा कॉम्प्रेसर, त्याचे सुटे भाग आणि त्याची वीज



गटातल्या बायकांचं भजन रेकॉर्ड केलं की एक तक्रार हमखास येते. गाणारीचा आवाज बारीक येतो आणि टाळ-मृदंग सुरू झाले की स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. नारायणगडावरचं कीर्तन डोळ्यांपुढे आणा. महाराज एखादा दृष्टान्त अगदी हळू सांगतात आणि पुढच्याच क्षणी सगळे टाळ एकदम उठतात. समोर बसलेल्या माणसाचा कान हे सांभाळून घेतो. माइकला, रेकॉर्डरला आणि रेडिओ केंद्राच्या ट्रान्समीटरला ते जमत नाही. हळू आवाज खरखरीत बुडतो आणि मोठा आवाज फाटतो.

यावर उपाय म्हणजे कॉम्प्रेसर. नाव ऐकून पंक्चरच्या दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर आठवेल, पण हा आवाजाचा आहे. दूध तापवताना आपण काय करतो? दूध वर आलं की गॅस बारीक करतो, खाली बसलं की पुन्हा वाढवतो. कॉम्प्रेसर आवाजाचं तेच करतो. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की तो लगेच दाबतो, उतरला की हळूहळू मोकळा सोडतो. हात गॅसच्या बटणाकडे किती चटकन जातो आणि परत किती सावकाश येतो, एवढं जमलं की काम झालं.

हे आपल्या कामाचं का? सामुदायिक रेडिओचं दार २००६ सालच्या सरकारी धोरणाने स्वयंसेवी संस्थांना उघडलं. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून बायकांचे आवाज घराघरांत पोचवते आहे. आपल्या बीड जिल्ह्यातही माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात रेकॉर्ड झाल्या. ‘परी’ या संकेतस्थळावर त्या आजही ऐकता येतात. आवाज नीट धरून ठेवला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून हे यंत्र समजून घ्यायचं.

आधी एक स्पष्ट सांगते. फक्त भजन नीट रेकॉर्ड करायचं असेल तर यंत्र बनवायची गरज नाही. ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर संगणकावर घ्या, त्यात कॉम्प्रेसर आहे. पण आयटीआयला जाणारी आपली मुलं-मुली जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हवर कॉम्प्रेसर बनवू म्हणतात, गटाकडे पैसे मागतात, आणि ते यंत्र आपल्याच घरात किंवा गटाच्या खोलीत उघडं पडलेलं असतं. अशा वेळी काय विचारायचं हे आपल्याला माहीत हवं.

हा व्हॉल्व्ह काम कसा करतो ते बघू. काचेच्या नळीत एक तापणारी तार असते. तिच्या उष्णतेने बाजूच्या भागातून वीजकण सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. वाटेत तारेची एक जाळी असते. काही व्हॉल्व्हमध्ये या जाळीचे वेढे मुद्दाम कुठे दाट, कुठे विरळ ठेवलेले असतात. जाळीला उणे दाब वाढवत नेला की व्हॉल्व्ह एकदम बंद पडत नाही, त्याचा जोर हळूहळू कमी होतो. जुन्या रेडिओत जवळचं आणि लांबचं स्टेशन सारख्याच आवाजात लागायचं, ते या व्हॉल्व्हमुळे. कॉम्प्रेसरमध्ये तीच युक्ती असते. बाहेर जाणाऱ्या आवाजातला थोडा भाग परत घेऊन त्याचा उणे दाब बनवायचा आणि तो जाळीला द्यायचा. आवाज जेवढा मोठा, तेवढा लगाम ओढलेला.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आलेला फेअरचाइल्ड ६७० हा कॉम्प्रेसर याच तत्त्वावर चालायचा. त्यात २० व्हॉल्व्ह होते आणि वजन सुमारे ३० किलो. आपल्याला एवढं नको. बोलण्याच्या आणि गाण्याच्या एका माइकपुरतं चार-पाच व्हॉल्व्हवर भागतं.

आता सुटे भाग. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूत १९६० च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली, त्यामुळे आपल्या जुन्या रेडिओंत ते सापडतात. ईएफ ८९ आणि ईबीएफ ८९ हे दोन्ही विरळ-दाट जाळीचे. जुन्या टीव्हीत ईसीसी १८९ मिळतो, तोही याच जातीचा. हे आता जुन्या मालातूनच शोधावे लागतात. आवाज वाढवणारा ईसीसी ८३ मात्र रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये आजही नवा बनतो. शोधायचं ठिकाण म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार, पुण्याची तपकीर गल्ली आणि जुना बाजार. त्याआधी गावातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकचं कपाट बघा.

व्हॉल्व्ह घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, काचेच्या आतला चंदेरी डाग. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, व्हॉल्व्ह मेला. दुसरी, तापणारी तार तुटली आहे का ते मल्टिमीटरने बघा. तिसरी, लगाम लावणारे दोन व्हॉल्व्ह एकाच जातीचे आणि एकसारख्या जोराचे हवेत. जोडी जुळली नाही तर आवाज दाबला जाताना ‘धप्प’ असा ठोका ऐकू येतो.

आणि एक फार कामाची खूण. नावाचं पहिलं अक्षर बघा. ‘डी’ने सुरू होणारा व्हॉल्व्ह बॅटरीच्या रेडिओचा असतो, त्याची तार १.४ व्होल्टवर तापते. ‘ई’चा ६.३ व्होल्टवर तापतो, तो आपल्या कामाचा. ‘यू’चा असेल तर जपून. हे व्हॉल्व्ह बहुधा ज्या रेडिओत असतात, त्यात घरची वीज वेगळी करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. प्लग उलटा बसला तर आतला लोखंडी सांगाडाच जिवंत होतो. अशा रेडिओचा सांगाडा आणि वीजजोडणी वापरायची नाही.

जुन्या रेडिओतले कंडेन्सर आतून सुकलेले असतात. ते पुन्हा वापरू नका, ४५० व्होल्टचे नवे घ्या. आवाजाचे छोटे ट्रान्सफॉर्मर अगदी बारीक तारेचे असतात. ते पंपाच्या मोटारीच्या वायंडिंगवाल्याचं काम नाही, तयारच घ्यावे लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वीज. या यंत्राला दोन प्रकारची वीज लागते. तार तापवायला ६.३ व्होल्ट, आणि पत्र्याला साधारण २५० व्होल्टची सरळ, एकाच दिशेने वाहणारी वीज. विजेचा ट्रान्सफॉर्मर वायंडिंगवाल्याकडून बनवून घेता येतो. नाहीतर १२ व्होल्टचे दोन तयार ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावतात. पहिला २३० चे १२ व्होल्ट करतो, दुसरा उलटा जोडला की १२ चे पुन्हा सुमारे २०० करतो. मधल्या १२ व्होल्टवर व्हॉल्व्हच्या तारा दोन-दोन एकापुढे एक जोडून तापवता येतात, पण त्या दोन्ही सारखा करंट घेणाऱ्या हव्यात. हे २०० व्होल्ट डायोडमधून कंडेन्सरमध्ये भरले की सुमारे २८० व्होल्ट होतात, कारण कंडेन्सर विजेच्या लाटेच्या टोकापर्यंत भरतो.

मैत्रिणींनो, धोका इथेच आहे. प्लग काढला तरी कंडेन्सर भरलेलाच राहतो. पाण्याचा पंप बंद केला तरी टाकी भरलेली राहते, तसंच. बंद यंत्राला हात लावून माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून कंडेन्सरच्या दोन टोकांना १०० किलोओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडायचा. ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्याने अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. कंडेन्सर मोठा असेल तर वेळही जास्त. तरीही प्लग काढून दोन मिनिटं थांबायचं आणि मल्टिमीटरने मोजल्याशिवाय आत हात घालायचा नाही. तो रेझिस्टर तुटलेला असू शकतो.

घरातल्या बोर्डावर गळतीचं ब्रेकर असेल तरी निर्धास्त राहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या २८० व्होल्टचा झटका त्या ब्रेकरला कळतच नाही. म्हणून यंत्र लोखंडी पेटीत बंद हवं, पेटीला तीन पिनांच्या प्लगमधून खरं अर्थिंग हवं, आत फ्यूज हवा. नुसती तिसरी पिन असून चालत नाही, जमिनीतलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. चालू यंत्रात मोजायचं असेल तर एक हात पाठीमागे ठेवायचा, पायात कोरडी चप्पल घालायची, आणि खोलीत मेन स्विच माहीत असलेलं दुसरं माणूस हवं. लहान मुलं त्या खोलीत नकोत.

वीज लागते किती? चार-पाच व्हॉल्व्हचं यंत्र साधारण २५ वॅट घेतं, म्हणजे एका छोट्या बल्बाएवढं. पण व्होल्टेज फार पडलं की तारा पुरेशा तापत नाहीत आणि आवाज बिघडतो. वीज २०७ ते २५३ व्होल्टच्या बाहेर जात असेल तर स्टॅबिलायझर लावा. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर चालवायचं तर साइन वेव्हचाच इन्व्हर्टर घ्या. स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि ती घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

तेव्हा मुलं पैसे मागायला आली की गटाच्या बैठकीत चार प्रश्न विचारा. वीज वेगळी करणारा ट्रान्सफॉर्मर आहे का? कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर लावलाय का? पेटीला अर्थिंग आहे का? पहिल्यांदा चालू करताना जाणता मेकॅनिक जवळ असेल का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर पैसे द्या, आणि पेटी बंद झाली की पहिलं भजन तुमचंच रेकॉर्ड करायला सांगा. एकही उत्तर ‘नाही’ असेल तर मुलांना तोवर संगणकावर शिकू द्या. भजन तिथेही नीट रेकॉर्ड होतं.