प्रत्येक वेळी ‘नेट स्लो’ नसते! ऑफिसातली फाइल उघडायला वेळ का लागतो? खोट शोधायच्या ३ सोप्या तपासण्या

अमरावती/अकोला : सोसायटी असो, पतसंस्था असो, बाजार समिती असो की गावातलं सेवा केंद्र, काउंटरवर हा संवाद रोजचाच. “काहून इतका वेळ लागून राह्यला भाऊ?” “नेट स्लो आहे, थांबा जरा.” त्या ‘जरा’त शेतकऱ्याची एसटी जाते, कधी दिवसाची मजुरीही बुडते. पण प्रत्येक वेळी दोष इंटरनेटचा असतोच असं नाही.

आधी हे समजून घ्या

सातबारा, पीक विमा, दाखले ही कामं सरकारी पोर्टलवर होतात. त्यांना इंटरनेट लागतं. पण ऑफिसची स्वतःची यादी, कर्जखाती किंवा स्कॅन केलेले कागद बहुतेक वेळा शेजारच्या खोलीतल्या मुख्य कॉम्प्युटरवर असतात. ती फाइल ऑफिसातल्याच वायरीवरून येते. तिथं रिचार्ज वाढवून किंवा नवं कनेक्शन घेऊन काहीच फरक पडत नाही.

तीन तपासण्या, खर्च शून्य

१. हळू उघडणारी फाइल आपल्या कॉम्प्युटरवर कॉपी करा आणि ती कॉपी उघडा. झटक्यात उघडली तर अडचण वायरीत किंवा मुख्य कॉम्प्युटरमध्ये. तीही रखडली तर आपला कॉम्प्युटर किंवा ती फाइलच जड आहे.

२. तीच फाइल दुसऱ्या टेबलावरून उघडून पहा. एकाच टेबलावर अडचण असेल तर तिथली वायर किंवा मशीन पहा. सगळीकडेच हळू असेल तर मुख्य कॉम्प्युटर किंवा स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जोडलेला डबा, पहा.

३. फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची वायर थोडा वेळ काढा. फाइल तरीही तितकीच हळू उघडत असेल तर नेटला दोष देऊ नका.

खोट बहुधा इथे सापडते

• वायर : नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात. पूर्ण वेगाला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. उंदरानं एखादी कुरतडली किंवा टेबलाखाली दबली, की वेग १०० वर येतो, कधी त्याहून खाली. वायर बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

• जुना पत्ता : जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, पण त्याच्या फोल्डरचा शॉर्टकट तसाच राहिला. मग विंडोज त्याला शोधत बसते. लाल फुली दिसणारे असे ड्राइव्ह तंत्रज्ञाला विचारून काढून टाका.

• भरलेली डिस्क : मुख्य कॉम्प्युटरची डिस्क काठोकाठ भरली किंवा एकाच फोल्डरमध्ये हजारो स्कॅन टाकले, की काम मंदावते. वर्षवार फोल्डर करा. डिस्क जुनी असेल तर एसएसडी बसवा.

• जड स्कॅन : ३०० ऐवजी ६०० डीपीआयवर स्कॅन केलं तर चित्राचे ठिपके चौपट होतात. साध्या कागदाला ३०० पुरे.

• धूळ आणि ऊन : वऱ्हाडचा मे महिना माहीतच आहे. पंख्यात धूळ अन् कापसाचा तंतू अडकला, की कॉम्प्युटर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो.

हे मात्र करू नका

वेग वाढावा म्हणून अँटिव्हायरस बंद ठेवू नका. जुना कॉम्प्युटर जोडायचा म्हणून ‘एसएमबी १’ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धतही सुरू करू देऊ नका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ व्हायरस त्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरला, फाइली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. कोणतीही दुरुस्ती करण्याआधी सगळ्या फाइलींची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. कर्जखात्याची नोंद एकदा गेली तर त्रास शेतकऱ्यालाच होतो.

शेतकऱ्यांनी काय करावं?

पुढच्या वेळी ‘नेट स्लो’ ऐकलं तर विचारा : “फाइल पोर्टलवर आहे की ऑफिसात?” पोर्टलवर असेल तर शेवटच्या तारखेची वाट पाहू नका, गर्दी तेव्हाच होते. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवरून १५ रुपयांत मोबाइलवरच मिळतो. आणि फाइल ऑफिसातच असेल तर या तीन तपासण्या तिथल्या ऑपरेटरला दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे.