घरगुती सौर विद्युत यंत्रणा : पांढुर्णा व सौंसर परिसरातील भाविक कुटुंबांकरिता माहिती



देणगीची पावती घेण्याकरिता अथवा अभिषेकाची नोंद करण्याकरिता मंदिराच्या कार्यालयात येणारी मंडळी हल्ली आणखी एक प्रश्न हमखास विचारतात. तो असा की, घरावर सोलर बसवावे किंवा नाही, आणि बसवावयाचे तर किती व कोणाकडून. वास्तविक हा मंदिर कार्यालयाचा विषय नव्हे. परंतु भक्तनिवासाच्या छतावर सौर पॅनल दिसतात, त्यामुळे आम्हांस यातले कळते असा सर्वांचा समज झालेला आहे. आम्हांस जे कळले ते बहुतांशी चुका करून कळले. त्याच चुका भाविकांच्या घरी होऊ नयेत, एवढ्याच हेतूने हा लेख देत आहोत.

पहिली चूक प्रथम सांगतो. भक्तनिवासावर यंत्रणा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच उत्सवात, भर दुपारी महाप्रसादाच्या पंगती बसलेल्या असताना, गावातील वीजपुरवठा खंडित झाला. त्याबरोबर आमचे पंखे व पाण्याचा पंप हेही बंद पडले. सूर्य डोक्यावर तळपत होता, छतावर पॅनल लखलखत होते, आणि खाली सेवेकरी हातपंख्यांनी वारा घालीत होते. "सोलर असून लाईट कशी गेली?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. यंत्रणा बसविणाऱ्याने सांगितले नव्हते, हे खरे. पण आम्हीही विचारले नव्हते.

उत्तर असे आहे. घरगुती सौर यंत्रणा मुख्यत्वे दोन जातींच्या असतात. पहिलीस ऑनग्रिड म्हणतात. तीत पॅनलांतून निघालेली एकदिश वीज इन्व्हर्टर घरात वापरण्याजोगी करतो, ती प्रथम घरात खर्च होते, आणि उरलेली विद्युत कंपनीच्या तारांत जाते. दोन्ही बाजूंनी मोजणारे नेट मीटर या देवाणघेवाणीची नोंद ठेवते. दिवसा पेढीवर जमा करावे व रात्री उचल करावी, असा हा व्यवहार आहे. मात्र तारांतील वीज गेली की हा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि तो तसा बंद झालाच पाहिजे. अन्यथा लाईनमन खांबावर चढून दुरुस्ती करीत असताना आपल्या घरातील वीज उलट त्याच तारेत जाईल व त्याच्या जिवावर बेतेल. म्हणजे आमच्या पंगतीत जे घडले तो बिघाड नव्हता, यंत्र आपले कर्तव्य करीत होते.

दुसरी जात ऑफग्रिड, म्हणजे बॅटरीवर चालणारी. हल्ली दोहोंचा मेळ घातलेली हायब्रिड यंत्रणाही मिळते. आपणांस विजेचे बिल कमी करावयाचे आहे की वीज गेल्यावर घरात उजेड हवा आहे, हे आधी ठरवावे. दोन्ही हवे असेल तर खर्च वाढतो. घरोघरी इन्व्हर्टरला जोडलेली असते तशी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी कागदावर १.८ युनिट वीज साठविते; पण ती निम्म्याच्या खाली उतरविली तर लवकर निकामी होते. त्यामुळे हाती येते ते जेमतेम पाऊण युनिट. त्यावर दोन पंखे व चार दिवे सुमारे चार तास चालतील. कूलर किंवा पंप त्यावर चालविण्याचा विचारही करू नये. लिथियमची बॅटरी अधिक खोलवर वापरता येते व अधिक वर्षे टिकते, तिची किंमतही त्याच मानाने चढी असते.

आता किती किलोवॉट बसवावे हे पाहू. शेजाऱ्याने तीन बसविले म्हणून आपणही तीन, ही पद्धत योग्य नव्हे. एका मध्यम घराचा हिशेब करून पाहा. नऊ वॉटचे चार दिवे पाच तास चालले तर ०.१८ युनिट, पंच्याहत्तर वॉटचे तीन पंखे दहा तास फिरले तर २.२५ युनिट, फ्रिज सुमारे एक युनिट, टीव्ही पाव युनिट, एक अश्वशक्तीचा पंप अर्धा तास चालला तर सुमारे ०.४ युनिट. एकूण दिवसाला चार युनिटांच्या आसपास. उन्हाळ्यात कूलर चालला तर आणखी सव्वा युनिट धरावे. आपल्याकडे एक किलोवॉटची यंत्रणा वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते. याचा अर्थ या घराला दीड ते दोन किलोवॉट पुरेसे आहेत. यातही एक गंमत आहे. जुने पंखे काढून अठ्ठावीस ते पस्तीस वॉटचे नवे बीएलडीसी पंखे लावले, तर पंख्यांचा खर्च निम्म्याहून कमी होतो व लहान यंत्रणेत भागते. ही सूचना कोणताही विक्रेता आपणहून करीत नाही, असा आमचा अनुभव आहे.

ज्यांचा वापर मुळातच थोडा आहे त्यांनी तर विशेष विचार करावा. मध्यप्रदेश शासनाच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरांना पहिल्या १०० युनिटांकरिता १०० रुपयेच द्यावे लागतात. अशा घराने कर्ज काढून सोलर बसविले तर ते पैसे वसूल होण्यास फार वर्षे लागतील. ज्यांचे बिल खरोखर जड आहे, त्यांच्याकरिता ही यंत्रणा लाभाची आहे.

जागेविषयी. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पांढुर्णा व सौंसर ही गावे उत्तर अक्षांशाच्या सुमारे साडेएकवीस अंशांवर आहेत, म्हणून पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण वीस अंशांच्या उताराने ठेवावेत. मे महिन्याच्या अखेरीस व जुलैच्या मध्यास माध्यान्ही सूर्य आपल्या अगदी माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा दिवसांत छत पाहून जागा ठरविली तर फसगत होते, कारण डिसेंबरात तोच सूर्य माध्यान्हीही क्षितिजापासून पंचेचाळीस अंशच वर येतो. त्या वेळी पाच फुटी टाकीची सावली दुपारी बारालाही पाच फूट पडते, सकाळी व तिसऱ्या प्रहरी त्याहून लांब. म्हणून दक्षिणेकडील टाकी, जिना, कठडा किंवा शेजारचे झाड यांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवावे. सर्व पॅनल एका साखळीत जोडलेले असतात. औताला जुंपलेल्या जोडीतील एक बैल लंगडू लागला की दुसऱ्यालाही सावकाश चालावे लागते, तसेच एका पॅनलवर पडलेली सावली साऱ्या ओळीची वीज घटविते.

ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, हाही एक गैरसमज आहे. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याची क्षमता २५ अंश तापमानावर मोजलेली असते व त्यापुढे दर अंशामागे ती साधारण एक तृतीयांश टक्क्याहून किंचित अधिक घटते. मे महिन्यात पॅनलचे अंग ६५ अंशांपर्यंत तापले तर सुमारे १४ टक्के वीज तेथेच गळते. त्यामुळे टिनपत्र्यावर पॅनल चिकटवून बसवू नयेत, खालून वारा खेळता राहील अशी पोकळी ठेवावी. जुन्या कौलारू घरांच्या लाकडी आढ्यावर हे ओझे टाकण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीस दाखवावे. वळवाच्या वादळात पॅनलखाली शिरलेला वारा सांगाडा उचलू पाहतो, म्हणून वजनाइतकीच पकडीचीही काळजी घ्यावी.

अनुदानाविषयी सर्वाधिक विचारणा होते, आणि सर्वाधिक फसवणूकही येथेच होते. केंद्र शासनाची पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली व तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरविण्यात आलेली आहे. घरगुती जोडणीवर पहिल्या दोन किलोवॉटांकरिता प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्याकरिता १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. तीनपेक्षा मोठी यंत्रणा बसविली तरी अनुदान वाढत नाही. ही योजना राहत्या घरांकरिता आहे. मंदिर, धर्मशाळा अथवा मंगल कार्यालय यांना ते मिळत नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने संत्र्याच्या बहाराचे आलेले पैसे या कामी घातले. गावात फिरणाऱ्या एका मध्यस्थाने "अनुदान मी आणून देतो" असे सांगून रक्कम घेतली, पॅनलही बसविले. पुढे कळले की तो योजनेत नोंदणीकृत विक्रेता नव्हता आणि पॅनल भारतीय बनावटीच्या सौर घटांचे नव्हते. अनुदान मिळाले नाही. वीज मिळते आहे, पण मुलीच्या शिक्षणाकरिता राखलेली रक्कम अडकली. त्या माउली कार्यालयात येऊन बसल्या होत्या तेव्हा आम्हांस बोलण्यास शब्द सुचले नाहीत.

म्हणून क्रम नीट ध्यानात घ्यावा. योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर आपल्या वीजबिलावरील ग्राहक क्रमांकाने स्वतः नोंदणी करावी. तेथील यादीतूनच विक्रेता निवडावा, दोन-तीन जणांकडून दर मागवावेत व करार लेखी करावा. यंत्रणा बसल्यावर नेट मीटरकरिता अर्ज होतो, विद्युत कंपनी तपासणी करते, आणि त्यानंतरच अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. ते मध्यस्थाच्या हाती कधीच येत नाही, त्यामुळे "आणून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी विक्रेत्यावर असते, तीही करारात लिहून घ्यावी. आपल्यापैकी पुष्कळांचे सोयरे काटोल, नरखेड, वरुड, सावनेर येथे आहेत व त्यांचे ऐकून लोक कामास लागतात. केंद्राची योजना तीच असली तरी तेथे महावितरण आहे व येथे मध्यप्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनी. दर, अर्ज व शिल्लक युनिटांचा हिशेब यांचे नियम प्रत्येक राज्याचा विद्युत नियामक आयोग ठरवितो. शून्य बिलाची जाहिरात वाचून जे हर्षित होतात त्यांना एवढेच सांगतो की स्थिर आकार चालूच राहतो.

शेजारच्या बैतुल जिल्ह्यातील बांचा या गावाचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. आयआयटी मुंबईच्या सहकार्याने तेथील ७४ घरांत सौर पॅनल, बॅटरी व विजेची शेगडी बसविण्यात आली आणि २०१८ पर्यंत गावातील स्वयंपाक सौर विजेवर होऊ लागला. आदिवासी गावातील भगिनींना सरपणाकरिता जंगलात करावी लागणारी पायपीट त्यामुळे वाचली.

देखभाल सोपी आहे, पण ती करावी लागते. महामार्गालगतच्या घरांवर धूळ फार बसते. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लवकर, पॅनल थंड असताना, मऊ फडक्याने व साध्या पाण्याने पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकू शकते. बोअरचे जड पाणी वाळले की पांढरे डाग राहतात, तेव्हा शेवटी फडक्याने कोरडे करावे. गारपिटीची भीती पुष्कळ जण बोलून दाखवितात. चांगल्या पॅनलची काच कडक केलेली असते व २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्याचा मारा करून तिची चाचणी घेतात, तेव्हा साधारण गारा ती सोसते. दगड मात्र ती सोसणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जी गोटमार होते, ती लक्षात घेऊन नदीकाठच्या घरांनी त्या दिवसापुरते पॅनलांवर जाड गोधड्या अथवा ताडपत्री घालून पक्के बांधावे. वानरांचा उपद्रव असलेल्या ठिकाणी तारा उघड्या न ठेवता नळीतून न्याव्यात. (वानरांना हाकलण्याचा सल्ला आमच्याकडून मिळणार नाही.)

अर्थिंग व वीजरोधक यांत काटकसर करू नये. पॅनलवर ऊन असेपर्यंत त्याच्या तारांत वीज असतेच, ती घरातील बटण दाबून थांबत नाही. म्हणून मुलांना छतावर तारांजवळ खेळू देऊ नये व सांधे स्वतः उघडू नयेत.

ज्या भाविकांना आपल्या घराचा हिशेब करून पाहावयाचा असेल त्यांनी मागील बारा महिन्यांची वीजबिले व छताचे माप घेऊन कार्यालयीन वेळेत यावे. भक्तनिवासाचे काम पाहणारे सेवेकरी माहिती देतील. ही सेवा विनामूल्य आहे. संस्थान कोणत्याही विक्रेत्याची शिफारस करीत नाही व या कामाकरिता कोणाकडूनही रक्कम स्वीकारीत नाही. संस्थानचे नाव सांगून कोणी पैसे मागितल्यास कार्यालयास त्वरित कळवावे.