मनाचें दुखणें

देहाला ज्वर आला, तर घरांतील सारीं माणसें उशाशीं बसतात. मन खचलें, तर मात्र तींच "फार विचार करूं नकोस" एवढें सांगून मोकळीं होतात. ही उपेक्षा टाळतां येते, असें विदर्भांतील एका संशोधनानें दाखविलें आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत 'विश्राम' या उपक्रमानें स्थानिक माणसांनाच शिकवून लोकांची विचारपूस करविली. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आरंभीं विषण्णतेच्या विकारानें ग्रासलेल्या शंभरांत सुमारें ४ जणच कोणाचें साह्य घेत. १८ महिन्यांनीं ही संख्या २७ झाली.

गोंदिया जिल्ह्यांतील, देवरी तालुक्याच्या अरण्यप्रदेशांत वसलेल्या चिचगडसारख्या गांवांना हा धडा विशेष मोलाचा आहे. कारण नागपूरचें मनोरुग्णालय तेथून दूर आहे. औषध डॉक्टर देतील. परंतु सुनेची उडालेली झोप, सासऱ्यांचा वाढता अबोला प्रथम दिसतो तो घरच्यांनाच. एकत्र कुटुंबांत बोलणारीं माणसें पुष्कळ असतात. शांतपणें ऐकून घेणारें एक तरी असावें. सल्ल्यासाठीं २०२२ सालीं सुरू झालेली १४४१६ ही सरकारी दूरध्वनिसेवा विनामूल्य आहे. कुलाची अब्रू दुखणें झांकण्यांत नाहीं, तें वेळींच ओळखण्यांत आहे.