बेळे आणि बेले

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९९९ ते २००१ अशी दोन वर्षं मी संध्याकाळचं जर्मन शिकलो. 'डेर, डी, डास' या तीन लिंगांचा आम्हां मराठी पोरांना जाच वाटला नाही. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, हे ऐकून वर्ग हसला खरा. पण 'पोरगं', 'कार्टं' म्हणणाऱ्यांना हसायचा काय अधिकार? परीक्षा झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. जर्मन आलं, असं समजून वह्या माळ्यावर टाकल्या.

२००६मध्ये बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. बिऱ्हाड केलं राजाजीनगरात, नवरंग थिएटरच्या जवळ. कारखान्यातली यंत्रं जर्मन होती, पण त्यांची माहितीपुस्तकं इंग्रजीत यायची. जर्मन बोलायला कुणी नव्हतं. गरज होती कन्नडची आणि त्यात माझं भांडवल एवढंच : 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे कन्नड येत नाही.

पहिली फजिती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात झाली. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' वेगळे. डाळ म्हणजे 'बेळे', तिथे ए लांबवायचा; किंमत म्हणजे 'बेले', तिथे ए तोडायचा. डाळीचा शब्द मी एका हिंदीभाषक सहकाऱ्याकडून उचलला होता, त्यामुळे त्यातला ळ वाटेतच गळालेला. मी रुबाबात म्हणालो, 'अर्धा किलो बेले कोडी.' गल्ल्यावरून उत्तर आलं, 'बेले नीवु कोडबेकु!' किंमत तुम्ही द्यायची! घरात ळ असून मी तो बाहेर विसरून आलो होतो.

त्यानंतर दुकानदाराने दंडकच घातला : हिशेब कन्नडमध्ये सांगायचा. मूरु, नाल्कु, आरु म्हणताना जिभेला काहीतरी ओळखीचं वाटायचं. एका रविवारी उलगडा झाला. लहानपणी विटीदांडू खेळताना आम्ही वकट, लेंड, मूंड, नाल असंच तर मोजायचो! पहिले दोन तेलुगूतल्या ओकटि, रेंडूचे भाऊ. पुढचे दोन कन्नडचेही नातलग. कुणीही न शिकवलेले हे आकडे इतकी वर्षं टिकले, कारण ते खेळात कामाला लागले होते. मग घरातही धागे सापडू लागले. तूप इथे 'तुप्प' होतं, अडकित्ता 'अडकोत्तु'.

मार्च २०१४मध्ये आमच्या भागात मेट्रो सुरू झाली आणि कन्नड लिपीचा वर्ग फुकटात लागला. तेव्हा स्थानकांवरच्या पाट्या कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत होत्या. राजाजीनगरहून पीण्याला जाताना महालक्ष्मी, सँडल सोप फॅक्टरी, यशवंतपूर ही नावं देवनागरीशी ताडून एकेक अक्षर सुटत गेलं. वर्षभरात दुकानांच्या पाट्या वाचता येऊ लागल्या.

२०१८मध्ये कारखान्यात एक जर्मन अभियंता आला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, 'काफी बेका?' कॉफी हवी का, हे मी त्याला शुद्ध कन्नडमध्ये विचारलं होतं! डोक्यात 'परभाषा' अशी एकच खोली असावी आणि तिथे जर्मनच्या जागी कन्नडने पथारी पसरलेली. पण तिसऱ्या दिवशी गंमत झाली. माळ्यावरचे शब्द धूळ झटकत खाली उतरू लागले, लिंगांसकट.

पुढे हॅरी बाहरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं काम वाचनात आलं. स्पॅनिश शिकून सोडलेल्यांची स्मरणशक्ती त्यांनी तपासली; १९८४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७३३ जण होते. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या ३ ते ६ वर्षांत उरकतो. त्यानंतर जे उरतं ते २५ वर्षांहून अधिक काळ फारसं हलत नाही. मूळ शिक्षण जितकं पक्कं, तितकी शिल्लक मोठी. म्हणजे रानडेमधल्या त्या संध्याकाळी वाया गेल्या नव्हत्या. फक्त मुदत ठेवीत अडकल्या होत्या. कन्नड मात्र माझं चालू खातं. रोज थोडं भरायचं, रोज थोडं काढायचं.

आज दुकानातून निघताना मी 'होगी बर्तीनी' म्हणतो. आपलं 'जाऊन येतो'च ते, फक्त कन्नड कपड्यांतलं. नवी भाषा शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं : क्लास जरूर लावा, पाया तिथेच पक्का होतो. पण तुमची चूक ऐकून हसणारा आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा विचारणारा दुकानदार भेटला, तर पलीकडच्या मॉलमध्ये डाळ दोन रुपयांनी स्वस्त मिळाली तरी दुकान बदलू नका.