मे महिन्यात एमसीसीबी वारंवार पडतोय? मोठा बसवण्याआधी हे वाचा

जळगावला डाळ मिल किंवा चटईचं युनिट टाकताय? धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत गाळा घेतलाय? मग पॅनलच्या कोटेशनमध्ये 'एमसीसीबी १०० अँपिअर' अशी एक ओळ असेलच. बहुतेक जण तिथे फक्त किंमत बघतात. आज त्या ओळीबद्दलच बोलू.

आधी हिशोब. तीन फेज ४१५ व्होल्टवर एका एचपीला साधारण १.४ अँपिअर धरा. समजा तुमच्या मिलमध्ये एका वेळी ६० एचपीच्या मोटारी चालतात. ६० गुणिले १.४ म्हणजे ८४. लाइट-पंखे धरून ९० अँपिअर. वायरमन म्हणतो, "शंभरचा टाका, बिनधास्त चालेल." जानेवारीत चालतोही.

पण साध्या थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबीवर छापलेले अँपिअर बहुधा ४० डिग्रीला धरलेले असतात. आपल्या खान्देशात मे महिन्यात बाहेरच ४४-४५ डिग्री. वर पत्र्याचं शेड, त्यात बंद पॅनल. आतलं तापमान ५५ सहज होतं. आतली द्विधातूची पट्टी करंटच्या उष्णतेने वाकते आणि ब्रेकर पडतो. बाहेरची उष्णता त्यात भर घालते. म्हणून ५५ डिग्रीला शंभरचा ब्रेकर नव्वदच्या आसपासच पडू शकतो. नेमका आकडा कंपनीच्या कॅटलॉगमधल्या डीरेटिंगच्या तक्त्यात मिळतो. तो मागून घ्या, फुकट असतो.

इथेच घोटाळा होतो. भर सीझनमध्ये दिवसातून चारदा मिल बंद पडते, मालक वैतागतो आणि थेट १६० चा बसवून घेतो. ट्रिपिंग थांबतं. पण केबल जुनीच, शंभरच्या हिशोबाची! उन्हात तिचीही क्षमता घटलेली असते. आता केबल तापली तरी ब्रेकर गप्प बसतो. डाळीच्या भुश्यात, प्लॅस्टिकच्या दाण्यांत आग लागायला अजून काय पाहिजे?

मग करायचं काय? ९० अँपिअरवर २५ टक्के मार्जिन धरलं की ११२ येतात. म्हणून १२५ चा, ओव्हरलोड सेटिंग बदलता येणारा एमसीसीबी घ्या, आणि केबल त्या सेटिंगएवढा करंट उन्हाळ्यातही झेलणारी हवी. पॅनलला जाळी-पंखा लावा, तो भट्टी किंवा ड्रायरजवळ ठेवू नका. आणि हो, हा ब्रेकर एकेका मोटारीला वाचवत नाही. त्यासाठी स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले वेगळा लागतोच.

दुसरा आकडा केए. शॉर्टसर्किट झालं तर किती हजार अँपिअर तोडता येतील, ते हा सांगतो. २०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर तो करंट साधारण ६ केए येतो, तिथे १६ किंवा २५ केए पुरे. उगाच ५० केएचे पैसे घालू नका. मात्र स्वतःचा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल तर तोच करंट २६-२७ केएपर्यंत जातो. तिथे २५ चा कमी पडेल, ३६ घ्या.

भंगारातून आलेला 'चालू कंडिशन' एमसीसीबी अर्ध्या किमतीत मिळतो. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. आधी किती शॉर्टसर्किट खाल्लेत हे बाहेरून कळत नाही.

पॅनल बसवणारा लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरच असू द्या. कोटेशनवर अँपिअर, केए, सेटिंगची रेंज, ५५ डिग्रीचं रेटिंग आणि केबलचा साइज लिहून घ्या, मग ॲडव्हान्स द्या.